नूसात पाठीवर सॅक घेऊन राहायचंय? या चुका टाळा

नूसाच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पाठीवर बारा-बारा किलोच्या सॅक, हातात रिकाम्या बाटल्या. दोन्ही बाजूंना उंची कपड्यांची दुकानं, सावलीत मांडलेली टेबलं. एका मेन्यूकार्डावरचे आकडे वाचून हा हळूच म्हणाला, "उद्याच निघू या इथून." प्रत्यक्षात आम्ही सहा रात्री राहिलो, आणि ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या फेरीत जीव सगळ्यात जास्त रमला तो तिथेच.

नूसा हेड्स हे क्वीन्सलँडच्या सनशाइन कोस्टवरचं गाव, ब्रिस्बेनपासून सुमारे १४० किलोमीटरवर. पैसेवाल्यांचं सुट्टीचं गाव अशीच त्याची ओळख. पण समुद्र, जंगल, नदीकाठ, गरम प्लेटच्या शेगड्या, किनाऱ्यावरचे शॉवर, पिण्याच्या पाण्याचे नळ, सगळं फुकट आहे. महाग आहे ती खोली आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटची ती एक गल्ली. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी उमगलं. तुम्हाला पहिल्या दिवशी उमगावं म्हणून हे लिहिते आहे.

तारखा न बघता तिकीट काढणं

नाताळपासून जानेवारी संपेपर्यंत आणि ईस्टरच्या आठवड्यात तिथे जाऊ नका. शाळांना सुट्ट्या असतात, खोल्यांचे दर चढतात आणि बऱ्याच ठिकाणी किमान अमुक इतक्या रात्री राहण्याची अट घालतात. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला नूसा ट्रायथलॉन असते, त्या दिवसांत गाव खेळाडूंनी भरतं. जानेवारी ते मार्च हा पावसाचाही काळ. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र तिकडे शरद ऋतू असतो, ऊन सौम्य, समुद्र अजून कोमट. जून ते ऑगस्ट थंडी म्हणतात, पण दुपारी वीस-बावीस अंश म्हणजे नाशिककरांना सुखाचंच. त्या दिवसांत देवमासे किनाऱ्यालगत उत्तरेकडे जातात. एवढंच ध्यानात ठेवा की जूनमध्ये पाच वाजताच सूर्य मावळतो.

तारखा बदलणं शक्यच नसेल तर हेस्टिंग्ज स्ट्रीटचा हट्ट सोडा. नूसाव्हिल, टिवाँटिन, पेरिजियन, कूलम ही सगळी बसच्या टप्प्यातली गावं आहेत.

डॉर्ममधल्या दोन खाटा म्हणजे स्वस्त, असं धरून चालणं

ही चूक जोडप्यांची खास. एकट्या माणसाला डॉर्म स्वस्त पडतं. दोघांसाठी मात्र दोन खाटांचे पैसे मोजावे लागतात. आम्ही पहिल्या दोन रात्री आठ जणांच्या खोलीत काढल्या, मी वरच्या खाटेवर, हा खालच्या. तिसऱ्या सकाळी बेरीज केली तेव्हा नदीकाठच्या एका जुन्या मोटेलमधली दोघांची खोली थोडीच महाग निघाली, आणि तिच्यात फ्रिज, किटली, मायक्रोवेव्ह होतं. फ्रिज आला की दूध, दही, अंडी, कालचा भात, सगळं टिकतं आणि बाहेर खाण्याचा खर्च निम्म्यावर येतो. म्हणून खोलीचा दर एकटा बघू नका. खोली, दोन वेळचं जेवण आणि बस मिळून दिवसाला किती, हा आकडा काढा. हॉस्टेलं दोघांची खोलीही देतात, पण ती मोजकीच असतात आणि आधी संपतात.

गाडी किंवा व्हॅन भाड्यानं घेऊन किनाऱ्यालगत तिच्यातच झोपायचं, हा विचार बरेच जण करतात. नूसात रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये असं झोपायला मनाई आहे आणि पकडले गेलात तर दंड होतो. अधिकृत कॅम्पिंगची जागाच घ्या.

प्रत्येक घासाला रुपयांत गुणणं

एका ऑस्ट्रेलियन डॉलरला पन्नासहून जास्त रुपये मोजावे लागतात. कॉफीच्या प्रत्येक कपाला गुणाकार केला की घशाखाली काही उतरत नाही. आम्ही पहिल्या दिवशी जवळजवळ उपाशी फिरलो आणि संध्याकाळी भांडलो. नंतर ठरवलं: गुणाकार एकदाच, घरी बसून. रोजची डॉलरमधली रक्कम ठरवायची आणि तिथे फक्त डॉलरच मोजायचे.

वाणसामान हेस्टिंग्ज स्ट्रीटवर घेऊ नका. टेकाड ओलांडून वीसेक मिनिटं चाललं की नूसा जंक्शन येतं, तिथे मोठी सुपरमार्केटं आहेत. आणि शिजवायला? ऑस्ट्रेलियातल्या बागांमध्ये विजेवर चालणाऱ्या सार्वजनिक शेगड्या असतात. त्यांना तिथे बार्बेक्यू म्हणतात, पण बटण दाबलं की तापणारी ती स्टीलची सपाट प्लेट आपल्या डोळ्यांना तवाच दिसते. मेन बीचच्या टोकाला नूसा वूड्समध्ये आणि नूसाव्हिलला नदीकाठी गिम्पी टेरेसच्या हिरवळीवर अशा शेगड्या आहेत, वापर फुकट. आम्ही तिथे कांदा, कोथिंबीर घालून थालीपिठं लावली. शेजारच्या प्लेटवर सॉसेज भाजणाऱ्या आजोबांनी एक मागून घेतलं आणि बदल्यात आंबे दिले. शाकाहारी असाल तर एक करा: प्लेटवर आधी मांस भाजलेलं असतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा रोल सोबत ठेवा आणि त्यावर भाजा. काम झालं की प्लेट पुसून ठेवायची, हा तिथला अलिखित नियम आहे आणि सगळे तो पाळतात.

एकदा तरी बाहेर जेवायचं असेल तर सर्फ क्लबात, म्हणजे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या क्लबात जा. समुद्र समोर असतो आणि दर शेजारच्या रेस्टॉरंटांपेक्षा सोसवणारे. पाहुण्यांना दारात नोंद करावी लागते, त्यासाठी ओळखपत्र लागतं. रविवारी आणि सरकारी सुट्टीला बऱ्याच ठिकाणी बिलावर जादा टक्के लावतात, ते मेन्यूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. टिप द्यायची सक्ती नाही. संध्याकाळी आठनंतर स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात, आपल्यासारखं साडेनऊला जेवायला निघालात तर उपाशी राहाल. आणि किनाऱ्यावर बसून बिअर उघडू नका. सार्वजनिक जागी दारू पिण्याला क्वीन्सलँडमध्ये सरसकट परवानगी नाही.

भाजणीचा डबा न सांगता नेणं

विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थांचा प्रश्न असतो. त्यावर "हो" अशीच खूण करा. भाजणी, मेतकूट, लोणचं, लाडू, काहीही असो. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर अधिकारी ती काढून घेतात, तेवढ्यावर भागतं. लपवलेली सापडली तर दंड हजारो डॉलरपर्यंत जातो आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं घरीच ठेवा.

बसला नाक मुरडणं

क्वीन्सलँडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून सरकारी बस, रेल्वे आणि फेरीचं भाडं सरसकट ५० सेंट आहे, अंतर कितीही असो. ब्रिस्बेनहून रेल्वेनं नॅम्बोर आणि तिथून बसनं नूसा, हा प्रवास अर्धा दिवस खातो, पण दोघांचा मिळून एक डॉलर. ब्रिस्बेन विमानतळावरून शहरात आणणारी रेल्वे मात्र खाजगी आहे, तिला हे भाडं लागू नाही. चढताना टेकवलेलं भाड्याचं कार्ड उतरताना पुन्हा टेकवायचं, हे विसरू नका. यूमंडीचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, तिथेही बसनंच जा. परतीच्या बसची वेळ मात्र आधी बघून ठेवा.

कोकणातल्या सवयीनं समुद्रात शिरणं

इथे मी जरा थांबून लिहिते, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात आणि या चुकीनं माणूस जातो.

मेन बीच उत्तरेकडे तोंड करून, डोंगराच्या आडोशाला आहे. पाणी बहुधा शांत. दोन किलोमीटरवरचा सनशाइन बीच पूर्वेला उघड्या महासागरासमोर आहे, तिथे लाटाही मोठ्या आणि पाण्याची आत खेचणारी ओढही जबर. गुहागर-मुरूडला आपण गुडघाभर पाण्यात सलवार किंवा जीन्स घालून उभे राहतो. तसं तिथे करू नका. भिजलेले सुती कपडे माणसाला खाली खेचतात. अंगाला बसणारा लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या, दान आलेले कपडे विकणाऱ्या ऑप शॉपमध्ये तो स्वस्तात मिळतो. उन्हापासूनही वाचवतो, कारण तिथलं ऊन सावळ्या कातडीलाही जाळतं.

लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मध्येच. पाण्याची अवस्था बघून त्यांची जागा बदलतात, काल होते तिथे आज असतीलच असं नाही. झेंडे नाहीत म्हणजे जीवरक्षक नाहीत. सपाट, गडद, लाटा न फुटणारा पट्टा शांत दिसतो, पण बहुतेक वेळा ओढ तिथेच असते.

ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा आटापिटा करू नका, दम तिथेच संपतो. पाठीवर तरंगत राहा, हात वर करून हलवा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेनं सरका. जोडीदार ओढला गेला तर मागून उडी टाकू नका. जीवरक्षकाला हाक मारा किंवा ००० या आणीबाणीच्या नंबरावर फोन करा.

ब्लूबॉटल नावाचा निळ्या फुग्यासारखा समुद्री जीव डसला तर चोळू नका. समुद्राच्या पाण्यानं धुऊन धागे काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग बुडवा. व्हिनेगर या डंखाला लावत नाहीत. आणि प्रवासविमा काढाच, रुग्णवाहिकेचं बिल परदेशी पाहुण्याला भरावं लागतं.

नॅशनल पार्क दुपारी उरकणं

हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या टोकापासून लाकडी पायवाटेनं नूसा नॅशनल पार्कात शिरता येतं. गाडी असली तरी ती तिथे नेऊ नका, पार्किंग पहाटेच भरतं. किनाऱ्याच्या वाटेवर टी ट्री बे, ग्रॅनाइट बे, मग हेल्स गेट्सचे कडे लागतात आणि पुढे वाट सनशाइन बीचला उतरते. एका बाजूनं साडेपाच किलोमीटरच्या आसपास. आम्ही पहिल्यांदा अकराला निघालो आणि तापल्या उन्हात अर्ध्यातून परतलो. दुसऱ्यांदा पहाटे गेलो. क्वीन्सलँड घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पावणेपाचलाच उजाडतं. त्या वेळी वाटेवर आपण, पक्षी आणि सर्फिंगला निघालेली चार माणसं. निलगिरीच्या झाडांकडे मान वर करून चाललात तर फांदीच्या बेचक्यात कोअला दिसतो, जरा मोठ्या आवाजात बोललं तरी तो हलत नाही, पण आपण हळूच बोलावं.

फेअरी पूल्स नावाची दोन खडकातली कुंडं फोटोत फार सुंदर दिसतात. भरतीला किंवा समुद्र उसळलेला असताना तिथे उतरू नका, लाट कड्यावरून आत येते आणि माणसाला खडकावर आपटते. खाऊची पिशवी उघडी टाकून पाण्यात गेलात तर रानटर्की नावाचे पक्षी ती रिकामी करतात.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी दहाला सोडावी लागते आणि आमची बस दुपारी तीनची होती. बाजूच्या बाकावर सॅक राखत बसलेली बरीच जोडपी दिसली. तसं बसू नका. राहिलात तिथेच विचारा, बहुतेक जण दिवसभर सामान ठेवून घेतात. आम्ही सॅक ठेवल्या, टी ट्री बेच्या सावलीत उरलेली थालीपिठं खाल्ली आणि पावणेतीनला थांब्यावर आलो.