श्रीलंका-मालदीव संबंधांवर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना माझं लाल पेन सर्वात जास्त झिजतं ते या प्रश्नावर.

'१९८८ मध्ये श्रीलंकेने मालदीववर हल्ला केला.' हे वाक्य दर बॅचला येतं. अरे, ३ नोव्हेंबरच्या पहाटे मालेत घुसले ते प्लॉट या श्रीलंकन तमिळ सशस्त्र गटाचे सुमारे ८० भाडोत्री. त्यांना आणलं अब्दुल्ला लुथुफी या मालदीवच्याच व्यापाऱ्याने, तेव्हाचे मालदीवचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांना खाली खेचायला. कट घरचा, फक्त बंदूकवाले बाहेरचे. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीसैनिक मालेजवळच्या हुलहुले या विमानतळाच्या बेटावर विमानातूनच उतरले. (त्यांनी छत्रीने उड्या मारल्या, असंही लिहू नका.) ओलिसांना घेऊन पळणारं जहाज श्रीलंकेच्या दिशेने निघालं होतं, एवढ्यावरून तुम्ही कोलंबो सरकारला आरोपी करता. एका पानाच्या 'झटपट नोट्स' वाचल्या की हेच होणार.

दुसऱ्या चुकीत मी स्वतः तोंडघशी पडलोय. २०१८ मध्ये एका क्लाससाठी काढलेल्या आदर्श उत्तरात मी 'कोलंबोतील मालदीवचे उच्चायुक्तालय' असं छापलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "सर, मालदीव राष्ट्रकुलातून बाहेर पडलाय ना?" झालं! राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात, इतरांकडे राजदूत. मालदीव १९८२ मध्ये राष्ट्रकुलात आला, ऑक्टोबर २०१६ मध्ये बाहेर पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये परतला. त्या संध्याकाळी दोनशे प्रतींवर हाताने दुरुस्ती केली. तेव्हापासून 'उच्चायुक्त' लिहायच्या आधी मी समासात साल लिहितो. साल आठवत नसेल तर सरळ 'वकिलात' म्हणतो. पळवाट आहे, मान्य.

बाकीच्या किरकोळ. मालदीवच्या स्वातंत्र्याचा करार मालेत नाही, कोलंबोत झाला, २६ जुलै १९६५ ला. नकाशात मिनिकॉय मालदीवमध्ये रंगवू नका, ते आपल्या लक्षद्वीपचं. मन्नारच्या आखातातल्या सागरी सीमांचा त्रिबिंदू (तीन देशांच्या सीमा मिळतात तो बिंदू) ठरवणारा करार १९७६ चा, आणि त्या करारात भारतही आहे.

आणि श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे. १३ जुलै २०२२ ला ते हवाई दलाच्या विमानाने मालेला गेले आणि दुसऱ्याच दिवशी सिंगापूरला. याला 'मालदीवने राजाश्रय दिला' म्हणाल तर अर्धा गुण कापीन. वाद घालायला केबिनमध्ये येऊ नका.