५०पी शूटिंग ब्ल्यू-रेवर कसं चालवलं, माझा अनुभव

भाच्याच्या ढोल पथकाचं लक्ष्मी रोडवरचं शूटिंग १०८० ५०पी मध्ये (१०८० ओळी, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) होतं, आणि ताईला ते डिस्क टाकून टीव्हीवरच बघायचं असतं. तसंच्या तसं बर्न केलं तर प्लेअर अडखळतो, कारण साध्या ब्ल्यू-रेच्या स्टँडर्डमध्ये १०८०ला ५०पी नाहीच, १०८० हवं तर ५०आय (सेकंदाला ५० वेळा, पण दर वेळी एकाआड एकच ओळी) घ्या, ५०पी हवं तर ७२०वर या. बरेच जण २५पी करून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही, निम्म्या फ्रेम गेल्या की ढोलावर पडणारं टिपरू तुटक तुटक दिसतं आणि सगळा जोशच जातो.

मी ५०आय केलं, म्हणजे एका फ्रेमच्या विषम ओळी आणि पुढच्या फ्रेमच्या सम ओळी विणून एक फ्रेम, हालचाल सेकंदाला ५० वेळाच राहते. फेट्याच्या जरीची बारीक किनार मात्र थरथरायला लागली, म्हणून विणायच्या आधी अगदी हलका उभा ब्लर दिला, लगेच शांत झाली!

एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरमध्ये माझी सेटिंग्ज: ब्ल्यू-रे कॉम्पॅट, टॉप फील्ड फर्स्ट (विषम ओळी आधी), लेव्हल ४.१, दर २५ फ्रेमला कीफ्रेम (दुसऱ्या फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम), बिटरेट कमाल ४० एमबीपीएस. एसी३ आवाज तसाच ठेवला, टीएसमक्सरने (व्हिडिओ आणि आवाज एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर) ब्ल्यू-रे फोल्डर केला. आधी रीरायटेबल डिस्कवर टेस्ट करा, मगच फायनल बर्न.