कोड गिटहबवर टाकला म्हणजे मोकळा झाला असं नसते भाऊ

मागच्या हंगामात कापूस वेचाईचा हिशोब ठेवायला एक छोटं वेबॲप बनवलं. कोणत्या बाईने किती किलो वेचला, किलोमागे रेट काय, बाजाराच्या दिवशी चुकारा किती, एवढंच. आधी हे सगळं आईच्या वहीत असायचं. कोड गिटहबवर, म्हणजे लोक कोड ठेवतात-वाटतात त्या साईटवर, पब्लिक रेपो (प्रोजेक्टचं फोल्डर) करून टाकला न मी समजलो, झालं, ज्याला लागेल तो घेईल. तर यवतमाळकडचा एक दोस्त आहे, तो कृषी केंद्रासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, त्याचा फोन आला, "काहून बे, तुह्या रेपोत लायसन्सच नाही, मी वापरू कसा?" म्हटलं वापर ना बाप्पा, मी का केस करतो? तो म्हणे, "तू नाही करशीन, पण मालक विचारते ना, लिहून कुठी आहे?"

बरोबर होतं त्याचं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोजतात, म्हणजे लिहिला की हक्क आपोआप तुमचा, नोंदणी करा नाही तर नका करू, तुम्ही जिवंत आहात तोवर आणि त्यावर ६० वर्षं. गिटहबच्या नियमाप्रमाणे पब्लिक रेपो लोकांना पाहता येतो, तिथल्या तिथे फोर्क करता येतो (म्हणजे आपल्या खात्यात नक्कल काढता येते), बस. रस्त्याकडेच्या वावराला कुंपण नाही म्हणून कोणी आत शिरून कापूस वेचून नेत नाही, तसंच आहे हे. परवानगी लिहून द्यावी लागते आणि ती लिहिलेली फाईल म्हणजे लायसन्स.

फाईल टाकायच्या आधी एक गोष्ट मात्र मनाशी नक्की करा. एमआयटी, बीएसडी, अपाची हे परमिसिव्ह लायसन्स आहेत, म्हणजे शेतकऱ्याच्या पोराने वापरलं तरी चालते आणि व्यापाऱ्याने तुमचा कोड घेऊन, आपला रंग मारून, हजार रुपयाला विकला तरी चालते, त्याने स्वतःचा बदललेला कोड उघडा करायचीही सक्ती नाही. मला पहिल्यांदा हे पचलं नाही. मी एमआयटीच्या खाली एक ओळ जोडणार होतो, "फक्त शेतकऱ्यांसाठी, व्यापाऱ्यांनी वापरू नये" अशी. असं करू नका. मग ते ओपन सोर्सच (कोणीही, कशासाठीही वापरावा असा उघडा कोड) राहत नाही, गिटहबलाही लायसन्स ओळखू येत नाही आणि पुढच्या माणसाला शेतकरी कोण न व्यापारी कोण हे ठरवत बसावं लागते (आमच्या गावात अर्धे लोक दोन्ही आहेत). कोड घेणाऱ्याने वाटताना त्याचाही कोड उघडा ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल पाहा, तो वेगळा रस्ता आहे.

घरगुती प्रोजेक्टला मी तरी एमआयटीच सांगीन. पावणेदोनशे शब्दांच्या आत मजकूर आहे, चहा होईपर्यंत वाचून होतो. अट एकच, कॉपी देताना तुमची कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर सोबत ठेवायचा. शेवटचा सगळा कॅपिटल अक्षरातला परिच्छेद लोक सोडून देतात, पण तोच कामाचा, त्यात लिहिलंय की वस्तू आहे तशी घ्या, गॅरंटी नाही, नुकसान झालं तर लिहिणाऱ्याला धरू नका. माझ्या ॲपमध्ये साडेअकरा किलोचे अकराच मोजले जायचे, बाया घरच्याच ओळखीच्या म्हणून निभावलं. बीएसडीचा तीन कलमांचा प्रकार जवळपास असाच, फक्त जाहिरातीत तुमचं नाव वापरायला मनाई जास्तीची. अपाची २.० हे जानेवारी २००४ चं, लांबलचक, त्यात पेटंटची परवानगी स्पष्ट दिलेली असते आणि बदललेल्या फाईलवर तसं लिहावं लागते. कंपन्या कोड घेतील असं वाटत असेल तर ते घ्या.

आता काम. रेपोत ॲड फाईल, मग क्रिएट न्यू फाईल, नाव टाका लायसन्स, इंग्रजी कॅपिटल अक्षरात, शेवटी एस-ई वालं स्पेलिंग. नाव टाकलं की लायसन्स टेम्प्लेट निवडायचं बटण दिसते, तिथे एमआयटी घ्या, वर्ष आणि नाव भरा, कमिट (म्हणजे सेव्ह) करा. वर्ष म्हणजे कोड पहिल्यांदा बाहेर आला ते. मजकूर कुठून कॉपी-पेस्ट केला असेल तर ती दोन खोकी नक्की पाहा, मी असे रेपो पाहिलेत ज्यात चौकटी कंसात 'वर्ष' आणि 'पूर्ण नाव' तसंच पडलेलं आहे, म्हणजे सातबारा आहे पण खातेदाराचं नाव कोरं. मग रीडमीत (प्रोजेक्टची ओळख लिहितात ती फाईल) लायसन्सची एक ओळ टाका आणि पॅकेज डॉट जेसन (जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टची माहिती असते ती फाईल) असेल तर त्यातही लायसन्सच्या पुढे एमआयटी लिहा.

दुसऱ्याचं सामान मात्र तुम्ही एमआयटी करू शकत नाही. मी तारखेचं एक फंक्शन दुसऱ्याच्या एमआयटी प्रोजेक्टमधून उचललं होतं आणि वरची त्याच्या नावाची कॉमेंट 'कचरा' म्हणून उडवली होती. जी एकुलती एक अट, तीच मोडली. मग शोधून परत लावली. फॉन्टचंही तसंच, मी मुक्ता वापरतो, तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, तर त्याची फाईल त्याच्या फोल्डरमध्ये तशीच राहू द्यायची. अन् नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड कायद्याने बहुतेक मालकाचा असतो, करारात वेगळं काही नसेल तर तो आपल्या नावाने टाकू नका.

नंतर मन बदललं तर पुढच्या व्हर्जनला वेगळं लायसन्स लावता येते, तेही दुसऱ्या कोणाचा कोड आत नसेल तर, नाही तर आधी त्यालाही विचारा. पण जी कॉपी एमआयटीखाली बाहेर गेली ती गेली. दोस्ताने त्याच रात्री घेतली. महिनाभराने त्याच्या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट आला, अबाउटच्या पानावर एकदम खाली बारीक अक्षरात माझं नाव. आईला मोठं करून दाखवलं, तिनं चष्मा लावून पाहिलं न म्हणे, "अन् पैसे किती देते थो?"