खेळाच्या सत्राबद्दल मुलांचे खरे मत कसे जाणून घ्यावे

इतरांत मिसळणे ज्यांना जड जाते, राग आवरत नाही किंवा घरातल्या दुःखानंतर जी गप्प झाली आहेत, अशा मुलांसाठी पुण्यातल्या काही शाळांत समुपदेशक खेळाची सत्रे घेतात. सत्रांचा उपयोग झाला का, हे शिक्षकांना आणि पालकांना सविस्तर विचारले जाते, मुलाला मात्र जाता जाता "आवडलं ना?" एवढेच. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२व्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे, हे लक्षात घेता तेवढ्याने भागत नाही.

मुलाचे मत विचारण्याआधी पालकांची आणि मुलाची संमती घ्यावी, खोली नेहमीचीच ठेवावी आणि तेलखडू, माती, बाहुल्या हाताशी असाव्यात.

खरी अडचण प्रश्नाची आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका शाळेत चौथीतला एक मुलगा माझ्या प्रत्येक प्रश्नाला सहा आठवडे "छान, ताई" असे उत्तर देत होता आणि मी ते वहीत समाधानाने उतरवत होते. सातव्या आठवड्यात मी प्रश्न बाजूला ठेवले आणि त्याला बाहुल्यांची शाळा मांडायला सांगितले. सगळ्या बाहुल्या त्याने सतरंजीच्या एका टोकाला दोन रांगांत समोरासमोर उभ्या केल्या, एक तेवढी खोक्यात ठेवली आणि म्हणाला, "याला खेळायला बोलावलंय, म्हणून याची कबड्डी बुडली." मी त्याला दर आठवड्याला पीटीच्या तासातून उठवून आणत होते. सत्र त्याला आवडतही असेल, पण त्याची किंमत तो मोजत होता आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायचे नसते, हे त्याला पक्के शिकवलेले होते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की सत्र घेणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या सत्राविषयी विचारू नये. मुलाच्या ओळखीच्या, पण त्या कामात नसलेल्या ताईने किंवा दादाने विचारावे. "आवडलं का?" हा प्रश्न तर टाकूनच द्यावा. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे तक्ते बरेच जण सुचवतात. माझ्या अनुभवात मूल समोरच्याकडे पाहून हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवते. त्यापेक्षा "उद्या नवीन मूल आले, तर त्याला इथले काय दाखवशील आणि कशापासून सावध करशील?" असे विचारावे, किंवा खोलीचे चित्र काढायला सांगून त्यात काय नको ते खोडू द्यावे. त्यानंतर गप्प बसावे. मूल माती मळत पाच मिनिटे काहीच बोलले नाही, तरी मध्ये शब्द पुरवू नयेत.

"कोणालाच सांगणार नाही" असे वचन सुरुवातीला कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, तर पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायदा, २०१२ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून "तुला धोका असेल, तर मी मदत मागेन" हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.

उत्तरे मुलाच्याच शब्दांत लिहावीत.

पंधरा दिवसांच्या आत मुलाकडे परत जाऊन काय बदलले आणि काय बदलता आले नाही, हे कारणासह सांगावे. आमचे सत्र मुख्याध्यापकांशी बोलून पीटीच्या तासावरून हलवले, तेव्हा ते त्या मुलाला मी वर्गाबाहेर, एकट्याला सांगितले.