हापूसच्या हंगामाआधी वेबसाइटची तयारी: एसईओतले गैरसमज आणि खरी कामं

देवगड, रत्नागिरी, राजापूर या बाजूने थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पेट्या पाठवणाऱ्या बागायतदारांसाठी हे लिहितोय. दलालाकडे न देता आंबा स्वतः विकायचा ठरवलं की वेबसाइट आलीच, आणि वेबसाइट आली की एसईओच्या, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामाच्या, नावाखाली पैसे मागणारेही आले. वर्षभराच्या राबण्यातून उभे राहिलेले पैसे आहेत. ते कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, हे मोहोर यायच्या आधी ठरलेलं बरं.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. एसईओच्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगल स्वतःच सांगतं. पहिली पेटी मार्चमध्ये निघणार असेल तर साइटचं काम दिवाळीपर्यंत उरकायला हवं. फेब्रुवारीत कुणी येऊन "एप्रिलमध्ये एक नंबरला आणतो, गॅरंटी" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हेही गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. उशीर झालाच असेल तर सरळ जाहिरात घ्या, ती लगेच दिसते. फक्त जाहिरातीवर खर्च केला म्हणून खालच्या नेहमीच्या निकालांत साइट वर सरकते, हा समज मनातून काढून टाका. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

दुसरं काम मालकीचं. डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे आणि सर्च कन्सोल (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) कुणाच्या ईमेलवर उघडलंय, हे आजच तपासा. दोन्ही साइट बनवणाऱ्या मुलाच्या खात्यावर असतात आणि तो नोकरीला बंगळूरला गेला की बागायतदाराच्या हातात काहीच उरत नाही, हे फार ठिकाणी होतं. सर्च कन्सोल फुकट आहे. तिथे स्वतःला मालक म्हणून नोंदवा आणि तुमच्या मुख्य पानाचा पत्ता वरच्या चौकटीत टाकून बघा. पान गूगलच्या यादीत आहे की नाही आणि नसेल तर का नाही, ते तिथे स्वच्छ लिहून येतं. वर्डप्रेसवर साइट असेल तर सेटिंग्जमधल्या रीडिंगच्या पानावर सर्च इंजिनांना मनाई करणारी एक छोटी चौकट असते. काम चालू असताना ती टिक करून ठेवतात आणि साइट सुरू झाल्यावर काढायला विसरतात. पुढे वर्षभर "आमची साइट गूगलवर का येत नाही" म्हणून लोक बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) विकत घेत बसतात आणि कारण त्या चौकटीतल्या एका खुणेत असतं.

याच्या उलट चूकही होते. घाऊक दराचं पान गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून रोबोट्सच्या फाइलमध्ये (सर्च इंजिनांनी कुठली पानं उघडू नयेत ते सांगणारी साइटवरची फाइल) त्याला बंदी घालतात. त्या बंदीने गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, पान उघडून वाचत नाही इतकंच. बाहेरून कुणी त्या पानाची लिंक दिलेली असेल तर त्याचा पत्ता निकालात दिसू शकतो. पान निकालात यायलाच नको असेल तर पानावर नोइंडेक्सची सूचना लावतात, आणि ती वाचायला बॉटला पान उघडता आलं पाहिजे. म्हणजे दोन्ही एकदम लावलं तर सूचना वाचलीच जात नाही. व्यापाऱ्यांचे दर खरोखर खासगी ठेवायचे असतील तर पानाला पासवर्ड लावा, किंवा ते साइटवर टाकूच नका.

आता ज्या चुकीने आंब्याच्या साइटचं सगळ्यात जास्त नुकसान होतं तिच्याकडे येतो. दरवर्षी हंगामाला नवं पान काढायचं, त्याच्या पत्त्यातच साल घालायचं, आणि जूनमध्ये ते उडवून टाकायचं. त्या पानाला तीन महिन्यांत कुठूनकुठून लिंक मिळालेल्या असतात, लोकांनी ते जपून ठेवलेलं असतं, गूगलला ते ओळखीचं झालेलं असतं. ते सगळं ४०४ मध्ये, म्हणजे "पान सापडत नाही" या संदेशात, जातं आणि पुढच्या वर्षी शून्यापासून सुरुवात. त्यापेक्षा हापूसचं एकच कायमचं पान ठेवा, पत्त्यात साल नको. साल, दर, पाठवणीच्या तारखा पानाच्या आत बदलत जा. हंगाम संपला की "या वर्षीची विक्री संपली, पुढची पाठवणी मार्चअखेर, नाव नोंदवून ठेवा" असं लिहा आणि खाली फोन नंबर घ्यायचा फॉर्म ठेवा. पावसाळ्यात नोंदवलेली नावं हीच पुढच्या वर्षीची पहिली गिऱ्हाइकं असतात.

जुनी सालवार पानं आधीच झालेली असतील तर त्यांचे पत्ते वहीत उतरवा आणि प्रत्येकावरून या कायमच्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर कायमचं वळवणारी सूचना) लावून घ्या. सगळी जुनी पानं सरसकट मुखपृष्ठावर वळवणं हा शॉर्टकट आहे आणि तो चालत नाही. विषयाशी संबंध नसलेल्या पानावर वळवलेला पत्ता गूगल सॉफ्ट ४०४ म्हणून, म्हणजे पान हरवल्यासारखाच, धरू शकतं. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणेन, कायमचेच राहू द्या, त्यांना काही खायला लागत नाही. साइटचं नवं डिझाइन करून घेताना हीच वही समोर ठेवा. जुने पत्ते नव्या साइटवर कुठे जाणार याची यादी हातात आल्याशिवाय नवी साइट सुरू करू देऊ नका, आणि ते काम मार्च ते मेमध्ये तर मुळीच नको.

पुढचं काम पानावरच्या मजकुराचं. बहुतेकांचा दरफलक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेलं पोस्टर. केशरी पार्श्वभूमी, आंब्याचा फोटो, त्यावर दर. तेच चित्र साइटवर चढवलं की माणसाला सगळं दिसतं, पण पानाच्या मजकुरात हापूस हा शब्दच नसतो. दर, वजन, डझन, पाठवणीची गावं हे सगळं टाइप केलेलं असलं पाहिजे, चित्र हवं तर सोबत ठेवा. दुसरी अडचण जुन्या फाँटची. छापील पत्रकासाठी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच साइटवर टाकला तर तो दिसायला मराठी आणि आतून रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. तपासणी सोपी आहे. पानावरचं एक वाक्य निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) आहे, वेड्यावाकड्या रोमन खुणा उमटल्या तर सगळा मजकूर बदलून घ्यावा लागेल.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का, हा प्रश्न नेहमी येतो. गूगलला देवनागरी पत्ता चालतो. अडचण पाठवताना येते. ‘हापूस’ या शब्दात पाच चिन्हं आहेत. पत्ता कॉपी केला की बऱ्याचदा प्रत्येक चिन्हाच्या जागी टक्क्याच्या खुणा असलेली नऊ अक्षरं उमटतात. एका शब्दाची ४५ अक्षरं झाली. सोसायटीच्या ग्रुपवर असा लांबलचक पत्ता आला की लोक त्यावर बोट ठेवायला कचरतात. म्हणून पत्ता छोटा आणि रोमन, पानाचं शीर्षक मात्र मराठीत, असं मी सुचवतो. शीर्षकाच्या जागी नुसतं "होम" किंवा फक्त बागेचं नाव असेल तर ते आज बदला. "देवगड हापूस थेट बागेतून, पुणे-मुंबई घरपोच" असं वाचलं की निकालांच्या यादीत माणूस थांबतो. इंग्रजी पान हवं असेल तर ते वेगळ्या पत्त्यावर स्वतः लिहून ठेवा. भाषांतराचं बटण दाबल्यावर ब्राउझरमध्येच बदलणारा मजकूर गूगलच्या यादीत स्वतंत्र पान म्हणून जात नाही.

मेटा कीवर्डची ओळ (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरण्याचे कुणी वेगळे पैसे लावत असेल तर देऊ नका. क्रमवारीसाठी ती ओळ आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. पानाखाली बारीक अक्षरांत "हापूस आंबा कोथरूड, हापूस आंबा बाणेर, हापूस आंबा ठाणे" अशी शंभर नावं कोंबणं, किंवा प्रत्येक उपनगरासाठी फक्त नाव बदललेलं तेच पान काढणं, हे गूगलच्या नियमांत बसत नाही. याच प्रकाराची एक घाऊक आवृत्तीही हल्ली विकली जाते, "आंब्याचे पन्नास फायदे" छापाचे लेख एका रात्रीत तयार करून. मार्च २०२४ पासून अशा घाऊक मजकुराविरुद्ध गूगलचा स्पष्ट नियम आहे, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने. आणि लेख दोन हजार शब्दांचाच हवा, हीही वावडी आहे. शब्दसंख्येवर क्रमांक ठरत नाही.

त्या जागी काय लिहायचं? जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते. तुमच्या पेटीत फळ किती ग्रॅमचं, त्या वजनाची किती डझन बसतात, आंबा तयार पाठवता की कच्चा, कच्चा असेल तर घरी गवतात किती दिवस ठेवायचा, फ्रिजमध्ये कधी ठेवायचा. फळात साका (गरातला खराब, स्पंजासारखा भाग) निघाला तर पैसे परत की दुसरं फळ, हे स्पष्ट लिहा, कारण गिऱ्हाइकाच्या मनात तोच प्रश्न असतो आणि फार थोड्या साइट त्याचं उत्तर देतात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. तुम्ही कसं पिकवता ते दोन ओळींत फोटोसह दाखवा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. तुमची त्याखाली नोंदणी झाली असेल तर नोंदणी क्रमांक पानावर घाला. त्या आकड्याने गूगलवरचा क्रमांक वर जाईल असं मी म्हणत नाही. कर्नाटकाचा आंबा देवगड म्हणून गळ्यात पडेल की काय ही भीती असलेल्या माणसाला त्याने धीर येतो, आणि तो माणूस ऑर्डर देतो.

"पाचशे बॅकलिंक अमुक रुपयांत" ही पॅकेजं तर सरळ नाकारा. विकत घेतलेल्या लिंकांवर गूगलने २०१२ च्या पेंग्विन नावाच्या शोधपद्धतीतल्या बदलापासून पकड घट्ट केली आहे, आणि आता अशा लिंका बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत. डोमेन ऑथॉरिटीचा (साइटच्या वजनाचा अंदाज सांगणारा) आकडा वाढवून देतो म्हणणाऱ्याला विचारा, हा आकडा कुणाचा? तो एका खासगी कंपनीचा आहे, गूगल तो वापरत नाही. खऱ्या लिंका तुमच्या ओळखीतच आहेत. स्थानिक वर्तमानपत्राने बागेवर केलेली बातमी, तुमची सहकारी संस्था, बाग बघायला येणाऱ्यांना जागा देणारा शेजारचा होम-स्टे. त्यांना सांगून नीट पत्ता घालून घ्या.

गूगलच्या नकाशावरच्या नोंदीत नाव पाटीवर असेल तेच लिहा. नावापुढे "बेस्ट हापूस मँगो ऑनलाइन" जोडलं तर नोंद निलंबित होऊ शकते. बाग देवगडला असताना पुण्यातल्या मेहुण्याच्या फ्लॅटचा पत्ता दुकान म्हणून टाकणंही तसंच नियमाबाहेरचं. नकाशावरचा क्रम ठरवताना अंतरही बघितलं जातं, त्यामुळे देवगडची बाग कोथरूडच्या "जवळचे" मध्ये येणार नाही, हे मान्य करून चला. आणि अभिप्रायासाठी डझनभर आंबे मोफत देऊ नका, त्यालाही बंदी आहे. पेटी पोचल्यावर दोन दिवसांनी फोन करून विचारा आणि लिंक पाठवा, एवढं पुरतं.

वेगाचं थोडक्यात. गूगल साइटची मोबाइलवरची बाजूच वाचतं, म्हणून तपासणी फोनवरच करा, तीही वायफाय बंद करून. मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसलं पाहिजे. फोनमधून थेट चढवलेला सहा एमबीचा फोटो लहान करून घेतला तरी बरंच काम होतं. वेगाच्या चाचणीत शंभरपैकी शंभर गुण मिळवण्याच्या मागे लागू नका.

शेवटची नोंद जूनच्या पहिल्या आठवड्यात करा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं. जूनमध्ये तुम्हाला या आणि गेल्या अशा दोन्ही हंगामांचे शोधशब्द शेजारीशेजारी दिसतात, दसऱ्याला बसाल तोवर गेल्या वर्षीचा हंगाम पुसला गेलेला असतो. म्हणून हिशेबाच्या वह्या आवरताना फेब्रुवारी ते मेची माहिती एक्सपोर्ट करा, फाइलला सालाचं नाव द्या आणि लोकांनी काय टाइप करून तुम्हाला शोधलं ते वाचा. त्यात "साका" असेल, "गवतात किती दिवस" असेल, नाहीतर एखाद्या गावाचं नाव असेल जिथे तुम्ही अजून पाठवतच नाही.