शो जंपिंग: फेरीआधी मैदान कसं मोजाल

घोड्यावर बसून अडथळे ओलांडण्याच्या या स्पर्धेआधी मैदान पायी फिरायला मिळतं. ती वेळ गप्पांत घालवू नका. अडथळ्याचं लाल निशाण उजवीकडे, पांढरं डावीकडे हवं. उलट्या दिशेने उडी म्हणजे थेट बाद.

दोन अडथळ्यांमधलं अंतर तीन-तीन फुटांच्या पावलांनी मोजा. चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. दोन पावलं उतरण्याची, दोन उडी घेण्याची वजा करा: 24 पावलं भरली तर मध्ये पाच ढांगा. पोनीची, म्हणजे लहान चणीच्या घोड्याची, ढांग आखूड, तिथे हा हिशेब चुकतो.

घंटेआधी सुरुवातीची रेषा ओलांडू नका. घंटेनंतर 45 सेकंदांनी घड्याळ तसंही धावू लागतं. अडथळ्याची दांडी पडली की 4 दंडगुण, घोडा पहिल्यांदा अडला तरी 4. आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्यांदा अडला की बाद. नवशिक्यांच्या गटात सवलत असू शकते, आधी विचारा.