पाहुण्यांची गाडी रात्री कुठे लावायची?

दिवाळीची सुट्टी, नाताळ किंवा नुसती लागून आलेली सुट्टी असली, तरी गोव्यात नवीन बिऱ्हाड केलेल्यांकडे पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे येणारच. त्यांच्या अंथरुणा-पांघरुणाची आणि मासळीची सोय आपण आधीपासून करून ठेवतो. गाडीचा विचार मात्र रात्री उशिरा ती दारात उभी राहिली की सुरू होतो. घाट उतरून दमलेला माणूस मग दिसेल तिथे गाडी घुसवतो. त्यामुळे ते घरून निघाले, की फोनवरच जागा सांगा, आणि जमल्यास ती आधी स्वतः जाऊन बघून या.

पणजीत राहत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अठरा जून रस्ता, महात्मा गांधी रस्ता ही बाजारपेठ. दुकानं मिटली की तिथे जागा सापडते, पण सकाळी दुकानं उघडायच्या आत गाडी काढावी लागते. मळा, फोंतेन्हास, सांत इनेज इथलं उलट. दिवसा थोडीफार जागा असते आणि संध्याकाळी रहिवाशांच्या गाड्या परतल्या की संपते. पाहुणा नऊनंतर पोचणार असेल तर गल्लीत जागा मिळेल या भरवशावर राहू नका. पणजीतल्याच पाट्टो भागात बहुमजली पार्किंग आहे. पैसे पडतात, पण तिथून फोंतेन्हासला चालत येता येतं. म्हातारी माणसं आणि बॅगा आधी दारात उतरवायच्या, मग गाडी तिकडे न्यायची.

फोंतेन्हासमध्ये घरांची दारं थेट रस्त्यावर उघडतात. दाराबाहेर दोन पायऱ्या, लगेच डांबर. त्या पायऱ्यांना बंपर टेकवून गाडी लावली, की आतल्या आजीला सकाळी दुधासाठी बाहेर पडता येत नाही. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रुग्णवाहिका आत कशी येणार? इथले लोक सहसा आरडाओरडा करत नाहीत, पण हे विसरतही नाहीत, आणि पाहुणा निघून गेल्यावर शेजार आपल्यालाच सांभाळायचा असतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस किंवा कुणाच्या लक्षाविना सोडलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात किंवा तिच्या चाकाला क्लॅम्प लावू शकतात. मनाई असलेल्या जागी तर दहा तासांची वाटही पाहायची गरज नाही. शुक्रवारी रात्री गाडी लावायची, शनिवारी भाड्याच्या स्कूटरवर किनारे फिरायचे आणि रविवारी गाडीकडे यायचं, हा पाहुण्यांचा नेहमीचा बेत रस्त्यावरच्या पार्किंगला चालत नाही.

ताळगाव, पर्वरी किंवा त्यापुढच्या गावात राहत असाल तर रात्री जागा भरपूर दिसते, पण ती कुणाची तरी असते. मोकळं वाटणारं मैदान एखाद्या भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, भाट (बागायत) असतं. तिथे गाडी लावण्याआधी शेजाऱ्याला विचारा, "बाब, रातीक गाडी हांगा लायल्यार चलता?" इतकी मोडकी कोंकणी पुरते. बहुतेक वेळा तो स्वतःच पुढे येऊन गाडी मागे-पुढे करायला हात दाखवतो. वाड्यावरच्या खुरसासमोर (क्रुसासमोर) मात्र लावू नका. मे महिन्यात संध्याकाळी तिथे लदीनला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, माणसं जमतात. गावातल्या वळणावरही नको, सकाळची पहिली बस तिथूनच वळते.

पावसाळ्यात रस्त्याकडेला दाट गवत दिसतं आणि त्याखाली उघडं गटार असतं. बाहेरगावचा चालक दुसऱ्या गाडीला वाट द्यायला डावीकडे घेतो आणि चाक आत जातं. अंधारात त्याला टॉर्च दाखवायला स्वतः खाली उभे राहा. माडाखाली तर कोणत्याच ऋतूत गाडी नको. पिकलेला नारळ किंवा सुकलेलं झावळ काचेवर पडलं की पाहुण्याची सहल तिथेच संपते.

सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरीला आदल्या दिवशी गाडीचा नंबर कळवा आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही सांगा. दुसऱ्याच्या ठरलेल्या जागेत "एका रात्रीपुरतं" लावणं, हे इथल्या भांडणांचं मुख्य कारण आहे.

कार्निव्हलची मिरवणूक, शिगमो, नोव्हेंबरमधला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, या दिवसांत पणजीत रस्ते बंद होतात आणि वाहतूक वळवली जाते. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सूचना येते, ती वाचूनच पाहुण्यांना बोलवा. जमलं तर त्यांना रेल्वेनेच यायला सांगा. करमळी स्थानक पणजीला जवळ आहे.

गाडीच्या काचेआत तुमचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पाहुण्याचा नको. पहाटे कुणाला गाडी हलवायची असली तर तुम्ही दोन मिनिटांत खाली पोचाल. किल्ली रात्री तुमच्याकडेच असू दे. आणि सकाळी गाडी जागेवर दिसली नाही, तर चोरी झाली असं समजण्याआधी वाहतूक पोलिसांकडे चौकशी करा.